दुष्काळांतला तेरावा महिना

‘दुष्काळांत तेरावा महिना’ ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें ऐकलेली आहे, आणि बहुतेकांनीं ती केव्हां ना केव्हां वापरलेलीही आहे. परंतु जी म्हण सहज तोंडांत बसते तिच्या अर्थाकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. चांद्र वर्ष हें सौर वर्षापेक्षां सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें साधारणतः दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं एक अधिक मास धरावा लागतो. सुकाळांत हा महिना वाईट तर नाहींच, उलट अनारशांचा, जांवयाच्या वाणाचा आणि दानधर्माचा. ज्या वर्षीं पाऊस दगा देतो त्या वर्षीं मात्र घरच्या बाईनें कणगींतलें धान्य बारा महिन्यांच्या हिशेबानें मोजून ठेवलेलें असतें, आणि नवें पीक हातीं येण्याच्या आधीं पंचांग आणखी एक महिना पुढें करतें. तो महिना स्वतः आपत्ति नव्हे. पण पहिल्या आपत्तीनें जी कणगी अर्धी केलेली असते त्याच कणगींत त्याचा हात पडतो, आणि म्हणून तो असह्य होतो.

आजच्या भाषणाचा विषय या म्हणींतच सांठविलेला आहे. एका संकटाच्या पाठीवर दुसरें आणि दुसऱ्याच्या पोटांत तिसरें, अशीं सामाजिक संकटें एकमेकांत गुंतून आलीं म्हणजे सामान्य माणसाच्या जीवनांतील समाधानाचें काय होतें? एड्गार मोरां या फ्रेंच विचारवंतानें १९९३ सालीं एका सहकारी लेखिकेसह लिहिलेल्या ग्रंथांत अशा परिस्थितीला एक नवें नांव दिलें. आपण त्याला बहुसंकट म्हणूं. २०२० नंतर महामारी, युद्ध, महागाई आणि हवामानाचा कोप हीं सर्व एकाच वेळीं जगाच्या वाट्याला आलीं, तेव्हां हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. आपद्ग्रस्तांना आधीं काय द्यावें आणि कशाची दुरुस्ती आधीं हातीं घ्यावी, याचें उत्तर त्यावर अवलंबून आहे.

प्रथम ‘समाधान’ म्हणजे काय आणि तें मोजतां येतें काय, हें पाहूं. आपल्या भाषेनें सुख आणि समाधान यांत फार पूर्वींपासून भेद केलेला आहे. सुख हें क्षणाचें असूं शकतें. समाधान हा सबंध आयुष्याकडे मागेंपुढें पाहून दिलेला निवाडा आहे. शास्त्रज्ञांनीं नेमका हाच भेद स्वीकारला. हॅड्ली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक साधी युक्ति मांडली. उत्तर देणाऱ्यानें एक शिडी डोळ्यांपुढें आणावयाची. तिच्या सर्वांत वरच्या, म्हणजे दहाव्या, पायरीवर आपल्या कल्पनेंतलें उत्तमांत उत्तम आयुष्य. तळाशीं, म्हणजे शून्यावर, वाईटांत वाईट. आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहों, एवढेंच सांगावयाचें. कँट्रिलनें ही शिडी ज्या देशांत नेली त्यांत हिंदुस्थानही होता.

या युक्तीचें मर्म असें कीं शिडीचीं दोन्ही टोकें ज्याचीं त्यानें ठरवावयाचीं असतात. परीक्षक आपलें माप दुसऱ्यावर लादीत नाहीं. गॅलप ही संस्था २००५-०६ पासून जगांतील बहुतेक देशांत हा प्रश्न विचारीत आली आहे. प्रत्येक देशांत साधारणतः दरवर्षीं सुमारें एक हजार माणसांना तो विचारला जातो, आणि तीन तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून २०१२ पासून ‘जागतिक आनंद अहवाल’ या नांवाखालीं ती प्रसिद्ध होते. २०२४ च्या अहवालांत फिनलंड ७.७ वर, म्हणजे सर्वांत वर, तर अफगाणिस्तान १.७ वर, म्हणजे सर्वांत खालीं होतें. मनुष्य खरें बोलेल कशावरून, अशी शंका कोणी घेईल. एकट्या माणसाचें उत्तर चुकूं शकेल. परंतु हजार माणसांचें उत्तर वर्षानुवर्षें एका बाजूला झुकूं लागलें म्हणजे तें त्या समाजाच्या नाडीचे ठोके सांगतें, यांत शंका नाहीं.

आतां एकट्या संकटाचा विचार करूं. मनुष्यप्राणी मोठा चिवट आहे. १९७८ सालीं अमेरिकेंतील तीन संशोधकांनीं लॉटरींत मोठी रक्कम मिळालेले लोक आणि अपघातानें अपंग झालेले लोक यांची तुलना केली. भाग्यवंत आपल्या शेजाऱ्यांपेक्षां फारसे अधिक सुखी नव्हते. अपघातग्रस्त इतरांपेक्षां दुःखी खरे, परंतु आपण कल्पना करतों तितके नव्हते. मन नव्या परिस्थितीशीं जुळवून घेतें, हा या व अशा इतर अभ्यासांचा बोध. मात्र त्याला अपवाद आहेत, आणि ते फार महत्त्वाचे आहेत. जर्मनींत १९८४ पासून त्याच त्या कुटुंबांना दरवर्षीं प्रश्न विचारून एक मोठी पाहणी चालू आहे. तिच्या आधारें असें दिसून आलें कीं ज्याची नोकरी जाते त्याचें समाधान तर घसरतेंच, पण पुढें नवी नोकरी मिळाल्यावरही तें सरासरीनें पूर्वींच्या पायरीपर्यंत पुरतेंपणीं परत चढत नाहीं.

असें कां व्हावें, याचें उत्तर त्याहून जुन्या एका अभ्यासांत सांपडतें. ऑस्ट्रियांतील मारिएंथाल या गांवाचा सारा संसार एका कापडगिरणीवर चालत असे. ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सबंध गांव बेकार झालें. १९३१ च्या सुमारास मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनीं त्या गांवाची बारकाईनें पाहणी केली. बेकारीमुळें लोकांजवळ वेळ भरपूर होता. तेव्हां ते अधिक वाचतील अशी अपेक्षा. प्रत्यक्षांत गांवच्या ग्रंथालयांतून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली, आणि तीही वाचनाची वर्गणी माफ असतांना! पुरुष रस्त्यानें संथ चालूं लागले, पावलोपावलीं थांबूं लागले. पैसा गेला होता हें खरें, पण त्याबरोबर दिवसाचा आकार गेला होता, उद्यांची अपेक्षा गेली होती, आणि आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहों ही भावना गेली होती.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. संकटांतून सांवरण्याला माणसाला तीन गोष्टी लागतात. पहिली उसंत: घाव भरून येण्याला पुरेसा काळ. दुसरी पुंजी: केवळ पैशाची नव्हे, तर आरोग्याची, नातलगांची, शेजाऱ्यांची. तिसरी भरंवसा: उद्यां सूर्य उगवेल त्याप्रमाणें दुकानांत माल मिळेल, दवाखान्यांत डॉक्टर असेल, पेढींत ठेवलेले पैसे मागितल्यावर मिळतील. एकटें संकट या तिहींपैकीं एखाददुसरी हिरावून घेतें आणि मनुष्य बाकीच्यांच्या आधारानें उभा राहतो. संकटें जेव्हां एकमेकांवर रचून येतात तेव्हां तिन्ही आधार एकदमच ढांसळूं लागतात. हें कसें घडतें याचें अलीकडच्या काळांतलें अत्यंत बोलकें उदाहरण म्हणजे लेबनॉन.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा चिमुकला देश. त्याचें चलन लिरा. १९९७ पासून सरकारी दर एका डॉलरला सुमारें १५०७ लिरा असा बांधून ठेवलेला होता, आणि वीस वर्षांहून अधिक काळ तो हालला नाहीं. एक पिढी त्या दरावर लहानाची मोठी झाली. मुलांचीं शिक्षणें, मुलींचीं लग्नें, म्हातारपणची तरतूद या साऱ्यांचा हिशेब त्या एका आंकड्यावर उभा होता. परंतु तो दर राखण्यासाठीं बँका परदेशस्थ लेबनानी लोकांच्या ठेवी भारी व्याज देऊन ओढीत होत्या, आणि नव्या ठेवींतून जुनें देणें भागवीत होत्या. २०१९ सालीं हा ओघ आटला. १७ ऑक्टोबर २०१९ रोजीं लोक रस्त्यावर उतरले; बँकांनीं दोन आठवडे दारें लावून घेतलीं आणि दारें उघडल्यावर ठेवीदारांना त्यांच्याच पैशांपैकीं थोडथोडे मोजून देण्यास आरंभ केला. डॉलरच्या ठेवी लिरांत मिळूं लागल्या, आणि त्याही बाजारभावापेक्षां पुष्कळच कमी दरानें. मार्च २०२० मध्यें सरकारनें परदेशी कर्जाचा हप्ता देण्याचें नाकारलें. नेमक्या त्याच महिन्यांत करोनाच्या साथीमुळें टाळेबंदी पुकारली गेली.

या दुष्काळांत तेरावा महिना आला तो ४ ऑगस्ट २०२० रोजीं. बैरुतच्या बंदरांतील एका गोदामांत सुमारें २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून पडून होतें. त्याचा स्फोट झाला. दोनशेंहून अधिक माणसें मेलीं, सहा हजारांहून अधिक जखमी झालीं, आणि सुमारें तीन लक्ष माणसांच्या डोक्यावरचें छप्पर गेलें. शहरांतील अनेक रुग्णालयेंही मोडलीं, तीं साथीच्या रोग्यांनीं भरलेलीं असतांनाच. सरकारनें सहा दिवसांत राजीनामा दिला. पुढचें सरकार बनण्यास तेरा महिने लागले.

येथें गुंतागुंतीचें खरें स्वरूप एका साध्या वस्तूच्या कथेवरून दाखवितां येईल. ती वस्तु म्हणजे गहूं. बंदरांत गव्हाचीं प्रचंड कोठारें होतीं, सुमारें १ लक्ष २० हजार टन धान्य मावेल एवढीं. स्फोटांत तीं निकामी झालीं. देशाजवळ धान्य सांठविण्याची सोय जेमतेम महिनाभराची उरली. परकीय चलन नसल्यामुळें एकदम मोठी खरेदी करणें आधींच अवघड झालें होतें. अशा स्थितींत फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली, आणि लेबनॉनचा बहुतेक गहूं येत असे तो युक्रेनमधून! तीन घटना, तीन निरनिराळीं कारणें. परंतु तिन्ही येऊन पडल्या त्या भाकरीच्या एकाच टोपलींत. बँक बुडाली नसती तर गहूं अन्यत्र विकत घेतां आला असता. कोठार शाबूत असतें तर युद्धाची झळ सोसेपर्यंत सांठा पुरला असता. युद्ध झालें नसतें तर रिकाम्या कोठारावरही निभावून नेतां आलें असतें. म्हणूनच बहुसंकटाचा भार ही नुसती बेरीज नसते. एक संकट दुसऱ्यावरचा उपाय काढून घेतें, आणि मग दुसरें तिसऱ्याचा.

विजेची गोष्ट अशीच. इंधन आणण्याला डॉलर नाहींत म्हणून वीज दिवसाकांठीं एकदोन तासांवर आली. ऑक्टोबर २०२१ मध्यें दोन मोठीं वीजकेंद्रें बंद पडून सरकारी वीज सर्व देशांत कांहीं काळ पुरतीच गेली. वीज नाहीं म्हणून पाणी वर चढविणारे पंप बंद आणि सांडपाण्याची व्यवस्था विस्कळीत. ऑक्टोबर २०२२ मध्यें पटकीची साथ उद्भवली, जी त्या देशांत १९९३ नंतर झालेली नव्हती. पगाराची किंमत उरली नाहीं म्हणून डॉक्टर व परिचारिका देश सोडून जाऊं लागल्या होत्या, त्याच वेळीं ही पटकी आली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत एक तरुणी खेळण्यांतलें पिस्तूल घेऊन एका बँकेंत शिरली व तिनें तेरा हजार डॉलर काढून नेले. ते पैसे तिच्याच कुटुंबाच्या खात्यांतले होते, आणि ते हवे होते कर्करोगानें पीडलेल्या बहिणीच्या औषधोपचाराला. पुष्कळ लेबनानी लोकांनीं तिला चोर न म्हणतां वीरांगना म्हटलें. समाजाचा भरंवसा कोठपर्यंत खालावला होता हें याहून निराळ्या शब्दांत सांगावयास नको. जागतिक बँकेनें २०२१ सालींच आपल्या अहवालांत नमूद केलें होतें कीं ही आपत्ति एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जगांत घडलेल्या दहा, कदाचित् तीन, अत्यंत तीव्र आर्थिक आपत्तींपैकीं एक ठरेल.

आतां शिडीकडे वळूं. २०१९ च्या अहवालांत, म्हणजे मुख्यतः २०१६ ते २०१८ या वर्षांच्या उत्तरांवरून, लेबनॉन ५.२ वर होता. फार वर नव्हे, पण मध्याच्या किंचित वरच. २०२३ च्या अहवालांत, म्हणजे २०२० ते २०२२ च्या उत्तरांवरून, तोच देश २.४ वर आला. अफगाणिस्तान सोडल्यास त्याच्या खालीं कोणीच नव्हतें. सरासरीनें जवळजवळ तीन पायऱ्यांची ही घसरण किती मोठी, हें समजण्यास एक तुलना पुरे. २००९ नंतर ग्रीस कर्जाच्या ओझ्याखालीं दबला आणि २०१३ सालीं तेथील बेकारी शेंकडा २७ च्या वर गेली. २०१३ च्या अहवालांत २००५-०७ व २०१०-१२ या दोन कालखंडांची तुलना करून त्याची जी घसरण दाखविली ती पुरती एक पायरीही नव्हती, आणि तरीही ती त्या काळांतल्या जगांतील मोठ्या घसरणींत गणली गेली.

हें केवळ पोटाच्या भुकेमुळें घडतें असें नाहीं. बहुसंकट मनाची शक्तिही खातें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्याच देशांतला आहे. तामिळनाडूंतील साडेचारशेंहून अधिक ऊंस-शेतकऱ्यांची बुद्धीची चांचणी दोनदां घेण्यांत आली. एकदां तोडणीच्या आधीं, हात तंग असतांना, आणि एकदां पैसे हातीं आल्यावर. तोच मनुष्य, तीच बुद्धि. परंतु पैसे मिळाल्यावर तो अधिक चांगलीं उत्तरें देत होता. संशोधकांचें म्हणणें असें कीं टंचाईची चिंता मनांतली जागा व्यापून टाकते आणि बाकीच्या विचारांना जागाच उरत नाहीं. एका चिंतेनें एवढें होत असेल, तर आज भाकरीची, उद्यां विजेची, परवां औषधाची अशा चिंतांच्या फेऱ्यांत सांपडलेल्या माणसाला लांबचा विचार कसा सुचावा? मग तो जो निर्णय घेतो तो आजच्यापुरता असतो: दागिना विकतो, मुलाला शाळेंतून काढतो, देश सोडतो. आज सुटतें, पण उद्यांची कणगी आणखी रिकामी होते.

असें असलें तरी, संकटें आलीं म्हणजे समाधान नाहींसें झालेंच पाहिजे, असा जर आपण निष्कर्ष काढला तर तो घाईचा होईल. आइसलंडची गोष्ट पाहा. ऑक्टोबर २००८ मध्यें या सव्वातीन लक्ष वस्तीच्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्याच्या आंत कोसळल्या. चलनाची किंमत निम्म्याच्या आसपास आली. देशाच्या आकाराच्या मानानें इतकी मोठी बँकबुडी इतिहासांत क्वचितच झाली असेल. तरीही शिडीवर आइसलंड अगदीं थोडा खालीं आला, आणि पुढच्या अहवालांतून तो पहिल्या कांहीं देशांतच राहिला. ग्रीस आणि आइसलंड यांतील हा फरक कशामुळें, याची छाननी करतांना आनंद अहवालाचे एक संपादक जॉन हेलिवेल व त्यांचे सहकारी यांनीं एका गोष्टीवर बोट ठेवलें. अडचणीच्या वेळीं धांवून येईल असें कोणी आपल्याला आहे काय, आणि ज्या संस्थांच्या हातीं कारभार आहे त्यांवर विश्वास टाकतां येतो काय? जेथें या दोहोंचें उत्तर होय असें होतें तेथें धक्का सोसला गेला. जेथें विश्वास आधींच किडलेला होता तेथें धक्क्यानें तोही मोडला.

करोनाच्या काळांतही असेंच एक अनपेक्षित दृश्य दिसलें. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत जगाची एकंदर सरासरी, लाखों मृत्यु व टाळेबंदी होऊनही, साथीपूर्वींच्या तीन वर्षांएवढीच राहिली. सरासरी पुष्कळ दुःख झांकते, हें विसरून चालणार नाहीं. परंतु त्याच अहवालांत असेंही आढळलें कीं अनोळखी माणसाला मदत करणें, दान देणें, समाजकार्यासाठीं वेळ देणें या गोष्टी साथीपूर्वींपेक्षां सुमारें चतुर्थांशानें वाढल्या होत्या. म्हणजे संकटानें एका हातानें घेतलें त्यांतलें थोडें माणसांनीं एकमेकांना परत दिलें.

या विश्वासाविषयीं एक मौजेचा प्रयोग सांगण्याजोगा आहे. कॅनडांतील टोरोंटो शहरांत एका वर्तमानपत्रानें वीस पाकिटें मुद्दाम निरनिराळ्या ठिकाणीं टाकून दिलीं. तीं अनोळखी माणसांच्या हातीं पडून परत येतील काय, असें त्या शहरच्या लोकांना पाहणींत विचारलें, तर चौपटींत एक पाकीट येईल एवढीही आशा त्यांनीं दाखविली नाहीं. प्रत्यक्षांत वीसांपैकीं सोळा परत आलीं! आपलें हरवलेलें पाकीट परत मिळेल असें ज्यांना वाटतें ते लोक शिडीवर वर उभे असतात, हें अनेक देशांतल्या आंकड्यांवरून दिसतें. तेव्हां शेजारी वाटतो त्यापेक्षां पुष्कळदां चांगला असतो, आणि हें ठाऊक नसल्यामुळें आपण विनाकारण एक पायरी खालीं उभे राहतों.

आतां थोडें घराजवळ येऊं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. घरांचीं छपरें उडालीं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडून कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. कोंकणांतलें घर नुकसानीच्या वेळीं कोणाकडे पाहतें? मुंबईच्या चाकरमान्याकडे. परंतु त्या उन्हाळ्यांत चाकरमानी स्वतःच काम गमावून गांवीं परतलेला होता, किंवा साथीच्या निर्बंधांत मुंबईस अडकलेला होता. पुढल्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरांत तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलें. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण वाशिष्ठीच्या पुरांत बुडालें, आणि त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये येथें डोंगर कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. पोफळ लावल्यापासून फळाला येण्यास पांच ते सात वर्षें लागतात. वीज महिन्यांत येते, छप्पर वर्षांत होतें, पण वाडी सात वर्षें मागते. पहिल्या संकटाचा घाव भरण्यास लागणारा काळ हा दुसरें संकट येण्याच्या काळाहून लांब असला म्हणजे माणूस सांवरलेला असा कधींच नसतो. तो नेहमीं सांवरत असतो. ही अवस्था कोणत्याही एका पंचनाम्यांत दिसत नाहीं, कारण प्रत्येक पंचनामा एकाच संकटाचा असतो.

यांतून काय घ्यावयाचें? पहिली गोष्ट ही कीं मदतीचा हिशेब संकटावार न ठेवतां घरावार ठेवला पाहिजे. वादळाची मदत निराळ्या खिडकीवर, साथीची निराळ्या, पिकाची तिसऱ्याच खिडकीवर, अशा व्यवस्थेंत ज्याच्यावर तिन्ही कोसळलीं आहेत त्यालाच सर्वांत अधिक हेलपाटे घालावे लागतात, आणि हेलपाटे घालण्याची शक्ति त्याच्याजवळच सर्वांत कमी असते. दुसरी गोष्ट ही कीं सगळें एकदम दुरुस्त करतां येत नसेल तर जेथें अनेक धागे येऊन मिळतात अशी गांठ आधीं सोडवावी. लेबनॉनांत ती गांठ विजेची होती, गव्हाच्या कोठाराची होती, ठेवीदाराच्या खात्याची होती. एक वीज नियमित झाली तर पाणी, दवाखाना, दुकान आणि मुलाचा अभ्यास हीं चारी एकदम थोडींशीं वर येतात. तिसरी गोष्ट, नियमितपणा. थोडें द्या, पण ठरल्या दिवशीं द्या. पुढच्या महिन्यांत काय मिळणार हें ज्याला निश्चित ठाऊक आहे त्याची चिंता निम्मी होते, आणि मोकळ्या झालेल्या मनानें तो स्वतःचा मार्ग काढतो.

आणि चौथी गोष्ट आपल्यासारख्या सुस्थित घरांची. आपल्या परंपरेंत समाधान हा सद्गुण मानलेला आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु हा सद्गुण स्वतःसाठीं आहे. दुसऱ्याला, विशेषतः ज्याच्यावर तीन संकटें कोसळलीं आहेत अशाला, उपदेश करण्यासाठीं नाहीं. शिडीचे आंकडे स्पष्ट सांगतात कीं पंचावन्न लक्षांच्या देशाचें मन तीन वर्षांत आपोआप दुबळें झालें नाहीं. त्याच्या पायांखालच्या पायऱ्या एकामागून एक काढून घेतल्या गेल्या. त्यानंतर २०२४ सालीं तेथें युद्धही झालें आणि दहा लक्षांहून अधिक लोकांना घरें सोडावीं लागलीं. इतकें होऊनही २०२५ च्या अहवालांत त्या देशाचा आंकडा पुन्हां तिनाच्या किंचित वर आलेला दिसला. तो आनंदाचा आंकडा नव्हे. परंतु माणसें तळाशीं बसून राहत नाहींत, पाय ठेवण्यास तसूभर जागा मिळाली तरी चढूं पाहतात, एवढें मात्र तो निःसंशय सांगतो.

दुष्काळ आपल्या हातचा नाहीं, आणि पंचांगांतला तेरावा महिनाही चुकवितां येत नाहीं. परंतु ज्या गांवांत एका घरची कणगी रिकामी झाल्याचें शेजारच्या घराला न सांगतां कळतें, त्या गांवांत तो महिना निघून जातो.